रेप्लिकेशन आणि मायग्रेशनच्या जोडण्यांचा नकाशा कसा काढावा

स्टोरेज यंत्रणांमधील रेप्लिकेशन (डेटाची प्रत सतत दुसरीकडे ठेवणे) आणि मायग्रेशन (डेटा कायमचा दुसरीकडे हलवणे) यांचा नकाशा काढायला बसलेले बहुतेक जण आधी चौकटी मांडतात, त्यांना नावे देतात आणि उरलेल्या जागेत रेषा ओढतात. हा क्रम उलटा आहे. कोणता डेटा कुठून कुठे जातो, प्रत किती मागे आहे आणि मूळ यंत्रणा आत्ता बंद पडली तर हाती काय उरेल, हे पाहण्यासाठीच असा नकाशा उघडला जातो, आणि ही सर्व उत्तरे रेषांमध्ये असतात. म्हणून प्रत्येक जोडणीची एक नोंद करावी; चौकटी त्या नोंदींच्या दोन टोकांतून आपोआप मिळतात.

पायरी १: नोंदी गोळा करणे

हाताने भरलेला तक्ता आधार म्हणून घेऊ नये. माहिती यंत्रणांकडूनच घ्यावी आणि ती दोन्ही टोकांकडून घ्यावी. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रायमरीवरील (मूळ सर्व्हरवरील) ‘पीजी स्टॅट रेप्लिकेशन’ या दृश्यात केवळ त्या क्षणी जोडलेले स्टँडबाय (प्रत ठेवणारे सर्व्हर) दिसतात. जो तुटला आहे, म्हणजे ज्याची चिंता करायला हवी, तो त्या यादीतून नाहीसा होतो आणि नकाशा निर्धास्त दिसू लागतो. रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायपर्यंत न पोहोचलेले बदल प्रायमरीवर राखून ठेवणारी सोय) वापरात असेल तर तो स्लॉटच्या यादीत निष्क्रिय म्हणून सापडतो (आणि काही मर्यादा घातलेली नसेल तर प्रायमरीची डिस्क भरत राहतो). स्लॉट नसेल तर स्टँडबायलाच विचारावे लागते. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून फायलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकच्या जोडण्यांची कोणत्याही यंत्रणेत नोंद नसते, त्यामुळे प्रत्येक यंत्राचे क्रॉनटॅब वाचण्याला पर्याय नाही.

पायरी २: ओळख ठरवणे

एकच यंत्रणा एका टोकाला नावाने, दुसऱ्या टोकाला आयपी पत्त्याने नोंदलेली असते, तेव्हा प्रत्येक यंत्रणेला एक कायमची किल्ली द्यावी. स्टोरेज अ‍ॅरेचा (अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या साठवण यंत्रणेचा) अनुक्रमांक चालतो, मायएसक्यूएल या डेटाबेसचा सर्व्हर यूयूआयडी (प्रत्येक सर्व्हरचा वेगळा ओळख क्रमांक) चालतो. पोस्टग्रेएसक्यूएलचा सिस्टिम आयडेंटिफायर मात्र चालत नाही, कारण फिजिकल स्टँडबायवर तो प्रायमरीचाच, अगदी तोच असतो.

पायरी ३: दिशा आणि एकत्रीकरण

नकाशे इथेच बिघडतात, आणि मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते याच पायरीवर. याबाबत मिळणारा सर्वसाधारण सल्ला, ‘दोन यंत्रणांमध्ये एक रेषा ओढा आणि रंगाने स्थिती दाखवा’, हा निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे.

आधी दिशा. बाण डेटाच्या प्रवाहाचा असावा, जोडणी कोणी सुरू केली याचा नसावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये स्टँडबाय प्रायमरीकडे जोडणी मागतो, पण डेटा प्रायमरीकडून येतो. फायरवॉल सांभाळणाऱ्यांच्या आकृतीत बाण नेमका उलटा असतो, आणि दोन्ही पद्धती एका नकाशात मिसळल्या की त्यावर कोणीही विश्वास ठेवू नये. डेटा जिथे पोहोचून लिहिला जातो तिथे बाणाचे टोक, हा एकच नियम पाळावा. दोन्ही दिशांनी रेप्लिकेशन असेल तर दोन स्वतंत्र बाण काढावेत. दोन टोकांचा एक बाण कधीही काढू नये, कारण एक दिशा सुरळीत आणि दुसरी ठप्प असू शकते. मूळ कोण आणि प्रत कोण, हे नकाशात पक्के कोरूनही ठेवू नये. फेलओव्हरनंतर (मूळ बंद पडून प्रतीने तिची जागा घेतल्यावर) भूमिका बदलतात, म्हणून त्या दर वेळी वाचाव्यात.

आता एकत्रीकरण. दोन अ‍ॅरेंमध्ये शेकडो व्हॉल्यूमच्या (साठवणुकीच्या स्वतंत्र भागांच्या) जोड्या असतात आणि सगळ्या रेषा काढल्या तर लोकरीचा गुंता तयार होतो. म्हणून मूळ, प्रत आणि प्रकार या तिन्ही बाबी सारख्या असलेल्या जोड्यांची एक रेषा करावी. सिंक्रोनस (प्रत लिहिली जाईपर्यंत मूळ लेखन थांबते), असिंक्रोनस (प्रत नंतर लिहिली जाते) आणि मायग्रेशन हे प्रकार कधीही एकत्र करू नयेत. त्या रेषेवर सरासरी दाखवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. समजा २०० जोड्यांपैकी १९९ जोड्या २ मिनिटे मागे आहेत आणि एक जोडी ३ दिवस बंद आहे. सरासरी सुमारे २४ मिनिटे येते, आणि उद्दिष्ट (प्रत जास्तीत जास्त किती मागे चालेल ती मर्यादा) ३० मिनिटांचे असेल तर रेषा हिरवी दिसते. रेषेचा रंग सर्वात वाईट जोडीवरून ठरावा आणि शेजारी ‘२०० पैकी १’ असे लिहावे.

वाईट म्हणजे किती, हे मिनिटांवरून ठरत नाही. १ तासाची पिछाडी २४ तासांच्या उद्दिष्टापुढे क्षुल्लक आहे, १५ मिनिटांच्या उद्दिष्टापुढे ती चौपट आहे. म्हणून प्रत्येक जोडीच्या पिछाडीला तिच्याच उद्दिष्टाने भागावे आणि सर्वात मोठा भागाकार रेषेला द्यावा.

पिछाडीचे आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. रेप्लिकेशन थांबलेले असताना मायएसक्यूएल पिछाडीच्या सेकंदांच्या जागी ‘नल’ (मूल्य नाही) देते. तक्त्यात आणताना त्याचे शून्य झाले की सर्वात बिघडलेली जोडणी सर्वात निरोगी दिसते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये शेवटच्या लागू झालेल्या व्यवहाराच्या वेळेवरून पिछाडी काढली, तर प्रायमरीवर लेखन होत नसतानाही ती वाढत जाते, म्हणून बदलांच्या लॉगमध्ये दोन्ही सर्व्हर कुठवर पोहोचले आहेत त्या स्थानांची तुलना करावी. साखळी रेप्लिकेशनमध्ये याहून मोठा सापळा आहे: पहिल्याकडून दुसऱ्याकडे येणारा प्रवाह थांबला तर तिसरा दुसऱ्याच्या तुलनेत अगदी अद्ययावत असतो आणि तरीही जुना असतो. साखळीतील प्रत्येक प्रतीची पिछाडी मुळाशी ताडून दाखवावी.

मायग्रेशनची रेषा तुटक काढावी आणि तिच्यावर अपेक्षित समाप्तीची तारीख असावी. तारखेविना असलेले मायग्रेशन काही महिन्यांनी कोणाचीही मालकी नसलेले रेप्लिकेशन होऊन बसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हलवल्या जाणाऱ्या व्हॉल्यूममधून निघणारे रेप्लिकेशनचे बाण त्याच वेळी तपासावेत. डेटा नव्या अ‍ॅरेवर गेला आणि दुसऱ्या डेटा केंद्राकडे जाणारा बाण जुन्याच अ‍ॅरेपासून निघत राहिला, तर नव्या लेखनाची प्रत कुठेच नसते. जुना बाण अजून हिरवाच असतो, कारण जिथे काही बदलत नाही तिथे मागे पडायलाही काही नसते. म्हणून ज्या व्हॉल्यूमला प्रत असायला हवी पण जिच्यातून बाण निघत नाही, तिची चौकट लाल करावी.

पायरी ४: रेखाटन

मजकुरावरून आकृती काढणाऱ्या ग्राफव्हिझ सॉफ्टवेअरचे ‘डॉट’ पुरेसे आहे: नोंदींवरून मजकूर तयार करावा, प्रत्येक केंद्राला एक क्लस्टर (वेगळा गट) द्यावा आणि दिशा डावीकडून उजवीकडे ठेवावी. उलट जाणाऱ्या बाणांवर ‘कन्स्ट्रेंट’ (बाणाचा मांडणीवरील प्रभाव) बंद केले की मांडणी विस्कटत नाही. हिरवा आणि लाल अनेकांना वेगळे दिसत नाहीत, म्हणून स्थिती शब्दांतही लिहावी. सिंक्रोनस रेषेवर अंतर नोंदवावे: फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन-येऊन प्रत्येक लेखनामागे किमान १ मिलिसेकंद जातो, आणि मंद डेटाबेसचे कारण कित्येकदा या आकड्यातच सापडते.

पायरी ५: ताजेपणा आणि तपासणी

संपूर्ण नकाशावर एकच वेळ छापू नये; प्रत्येक नोंदीची स्वतःची वेळ ठेवावी आणि ठरलेल्या मुदतीत माहिती न आलेली रेषा करडी करावी, शेवटच्या ज्ञात रंगात ठेवू नये. नकाशा इतरांच्या हाती देण्यापूर्वी चाचणीसाठी राखलेली एक जोडी मुद्दाम बंद करावी. ती रेषा नाहीशी झाली किंवा हिरवीच राहिली, तर पायरी १ किंवा ३ मध्ये काहीतरी राहून गेले आहे.