वही उघडण्याआधी: पॅरिशच्या नोंदींतून पूर्वज शोधण्याची तयारी

पूर्वज सापडत नाही म्हणून हताश झालेल्यांची मला तितकी काळजी वाटत नाही, जितकी तो पहिल्याच दिवशी सापडलेल्यांची वाटते. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा इलाखा; तिथल्या जुन्या पॅरिश नोंदवह्यांत जॉन, विल्यम, मेरी, अ‍ॅन यांची इतकी गर्दी आहे की हवं ते नाव हव्या त्या वर्षाच्या आगेमागे कुठे ना कुठे मिळतंच. म्हणून पूर्वज शोधण्याची तयारी करा आणि तो माणूस खरंच आपला आहे का, हे पडताळण्याचीही करा. मला तर दुसरी तयारीच जास्त महत्त्वाची वाटते.

सगळ्यात आधी, ज्या पिढीबद्दल जराही शंका नाही त्या पिढीचा कागद हातात असू द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू, लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्यामागे जायचं तर चर्चच्या वह्यांना पर्याय नाही, पण मधला पूल पक्का हवा. तो पूल म्हणजे १८५१ ची जनगणना. १८४१ च्या जनगणनेत मोठ्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात आणि जन्म त्याच काउंटीतला का, एवढंच विचारलेलं असतं. १८५१ मध्ये मात्र वय आणि जन्माची पॅरिश दोन्ही लिहिलेली असतात. तुमचा माणूस १८५१ पर्यंत जगला असेल, तर ती नोंद मिळवल्याशिवाय पॅरिशच्या वहीला हात लावू नका. तो नसेल, तर त्याची भावंडं शोधा. कधीकधी भावाच्या जन्मगावावरून त्याचं गाव कळतं.

मग नकाशा. आजचा नव्हे, पॅरिशच्या जुन्या हद्दी दाखवणारा. गाव आणि पॅरिश एकच नसतात. उत्तरेकडे एकेका पॅरिशमध्ये कितीतरी वस्त्या आणि त्यांची स्वतंत्र छोटी चॅपल्स होती, काहींच्या वह्याही वेगळ्या. आपल्या पॅरिशला लागून असलेल्या सगळ्या पॅरिशांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये व्हायचं, त्यामुळे नवऱ्याच्या गावात ते सापडलं नाही तर नवल नाही. पण लग्नाची घोषणा, म्हणजे बॅन्स, दोघांच्याही पॅरिशमध्ये तीन रविवार वाचली जाई. मुलाच्या पॅरिशची बॅन्सची वही टिकली असेल, तर मुलगी कुठली हे तिथेच लिहिलेलं असतं. आणि लग्न बॅन्सऐवजी बिशपच्या परवान्यानं झालं असेल, तर परवान्यासाठी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र बिशपच्या दप्तरात मिळू शकतं.

आता एका कागदावर काही सालं उतरवून घ्या; वही वाचताना तो कागद शेजारी ठेवायचा आहे. १५३८: आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमानं प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी सुरू. १५९८: नोंदी चर्मपत्रावर ठेवायच्या आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे धाडायची. जुन्या कागदी वह्या उतरवताना एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या नोंदींवर खास भर होता, म्हणून बऱ्याच वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. १६४२ ते १६६० यादवी आणि कॉमनवेल्थचा, म्हणजे राजाविना राजवटीचा काळ, तिथे खिंडारं पडलेली दिसली तर दचकू नका. १७३३ नंतर सरकारी दफ्तरांतून लॅटिन गेलं. १७५४ पासून लग्नाचे नियम बदलले. १७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना माफी होती, त्यामुळे त्या वर्षांत नावापुढे ‘गरीब’ असा शेरा दिसला की लगेच घराण्याची आर्थिक स्थिती ठरवून मोकळे होऊ नका. १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या.

या यादीत १७५२ मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते नुसतं लिहून भागत नाही, समजून घ्यावं लागतं. तोपर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. समजा वहीत एका जोडप्याचं लग्न मे १७२३ मध्ये आहे आणि त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ मध्ये. आजच्या सवयीनं वाचलं तर मूल लग्नाआधीचं ठरतं, आणि असं वंशावळीत लिहून टाकलेलं मी पाहिलं आहे. त्या काळच्या हिशेबात मात्र मे नंतर येणारा फेब्रुवारी अजून १७२३ चाच. आपल्या हिशेबानं तो १७२४ चा. लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेलं मूल ते. म्हणून जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतची तारीख उतरवताना नेहमी १७२३/२४ असं दुहेरी साल लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी तुमचाच कागद तुम्हाला फसवणार नाही.

नावांसाठी वेगळा कागद करा. आडनाव जसं ऐकलं तसं लिहायची रीत होती, आणि सांगणाऱ्याला अनेकदा अक्षरओळखही नसे. एकाच घरातल्या चार भावंडांच्या बाप्तिस्म्यात चार वर्णलेखनं सापडणं अगदी सर्वसाधारण. आडनाव मोठ्यानं उच्चारा, सुरुवातीचा ‘ह’ गाळून बघा, शेवटी ‘स’ जोडून बघा, सुचतील ती रूपं लिहून काढा. जुन्या लॅटिन नोंदींत जेम्स म्हणजे याकोबुस, विल्यम म्हणजे गुलिएल्मुस, आणि जाइल्सचं तर थेट एगिदियुस. ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरलेला. इतके शब्द आले की निम्मी पानं वाचता येतात. जुन्या हस्ताक्षरात मोठ्या एफऐवजी दोन छोटे एफ असतात. त्यामुळे सूचीत नाव भलत्याच जागी गेलेलं असू शकतं.

सूचीवरून आठवलं: ऑनलाइन सूची म्हणजे वही नव्हे. सूचीनं पान सांगावं, वाचायचं ते मूळ पान. बिशपकडे गेलेली नक्कलही मिळाली तर बघाच. पाद्र्यानं नक्कल करताना काही गाळलं असेल, तसंच मूळ वही ओलसर जागी कुजली असताना नक्कल शाबूत राहिली असेल. शंभर वर्षांहून जुन्या वह्या आता बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारांत असतात. कॅथलिक, क्वेकर, बॅप्टिस्ट असं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथाचं घराणं असेल तर त्यांच्या वह्या वेगळ्या. पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे, म्हणून तिथेही पाहायचं.

१७५४ नंतरच्या लग्नाच्या नोंदी मला फार प्रिय आहेत. तिथे वधूवरांची सही असते किंवा सहीच्या जागी फुली, शिवाय साक्षीदारांची नावं. एकाच नावाची दोन माणसं एका पॅरिशमध्ये असतील, तर त्यांना वेगळं करायला सहीसारखं दुसरं साधन नाही. एकाचा ‘जे’ गोल, दुसऱ्याला फुलीच येते, झालं काम. साक्षीदार उतरवायला विसरू नका. त्यांत बहुधा कोणाचा तरी भाऊ नाहीतर मेहुणा निघतो.

वह्यांत काहीच मिळालं नाही, तर पॅरिशच्या पेटीतली इतर कागदपत्रं मागा: गरिबांना दिलेल्या मदतीचे हिशेब, अनौरस मुलाच्या बापाकडून घेतलेली हमी आणि १६६२ च्या कायद्यानंतरचे वास्तव्याचे कागद. परगावाहून आलेला माणूस उद्या मदत मागेल या भीतीनं पॅरिशचे अधिकारी त्याला चौकशीला बोलवत. तू कुठे जन्मलास, कुठे चाकरी केलीस, लग्न कधी केलंस. ती उत्तरं लिहून घेतलेली असतात. एरवी एका ओळीत संपणारा गरीब शेतमजूर तिथे स्वतःबद्दल पानभर बोलतो.

आता पडताळणीचं. एका जॉनवर मी जवळजवळ वर्ष घालवलं. पॅरिश, साल, वडिलांचं नाव, सगळं जुळत होतं. त्याच्या आईवडिलांचं लग्न शोधलं, आजोबांपर्यंत पोचलो. मग सहज दफनाची वही चाळताना बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या वर्षी एक ओळ दिसली: जॉन, थॉमस आणि सारा यांचा मुलगा. मी ज्याच्या शोधात होतो तो म्हातारा होऊन मेला होता. हे लेकरू तीन वर्षांचंही झालं नव्हतं. त्या ओळीवरून पुढे जायला मला बराच वेळ लागला. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की त्याच पॅरिशची पुढच्या दहा वर्षांची दफनं वाचल्याशिवाय मी नाव वंशावळीत लिहीत नाही. आणि असं दफन सापडलं तरी ते घर लगेच सोडत नाही. गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्याला द्यायची रीत होती, त्यामुळे चार पानं पुढे त्याच आईबापांचा दुसरा जॉन असू शकतो.

सोबत पेन्सिल न्या, जुन्या कागदांजवळ पेन चालत नाही. आणि एक वही, जिच्यात सापडलेल्याइतकंच न सापडलेलंही लिहायचं: कुठली पॅरिश, कुठली वही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठली पानं फाटलेली किंवा पुसट, आडनावाची कुठली रूपं तपासली.