शेत मुलांच्या नावावर करण्याआधी मूळ किंमत शोधा

कराचे नियम बदलले की ‘जमीन आत्ताच मुलांच्या नावावर करून टाकू’ अशी घाई सुरू होते. सही करण्याआधी एक आकडा शोधा: जमीन मुळात कितीला घेतली होती?

समजा 10 ला घेतलेली जमीन आज 100 ची आहे. अमेरिकेत ती हयातीत बक्षीस दिली, तर मुलाकडे मूळ किंमत 10 च जाते. विकताना नफा 90, आणि कर बसतो तो या नफ्यावर. तीच वारशाने मिळाली, तर साधारणपणे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव मूळ किंमत धरला जातो, म्हणजे नफा जवळपास शून्य. भारतात मात्र बक्षीस असो वा वारसा, आधीच्या मालकाची किंमतच पुढे येते. ब्रिटनमध्ये बक्षीस दिल्यावर 7 वर्षांच्या आत देणारा गेला, तर वारसा कराचा, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराचा, हिशोब पुन्हा उघडू शकतो. त्यामुळे शेजाऱ्याने केलं तेच आपल्याला लागू पडेल असं नाही, परदेशातल्या नातेवाइकाचं तर मुळीच नाही.

जुनं खरेदीखत, विहीर, बांधबंदिस्ती, पाइपलाइनच्या पावत्या एका फाइलीत लावा. पावती नसेल तर खर्च दाखवणं कठीणच.

आणि जोडीला दुकान किंवा प्रक्रिया उद्योग असेल, तर जमीन आणि धंदा एकाच कागदावर देऊ नका. दोन्हींच्या सवलती आणि अटी वेगळ्या असतात. ट्रॅक्टर कुणाच्या खात्यात, कर्ज कुणाच्या नावावर, हे आधी सोडवा. भांडणं बहुधा तिथेच होतात.