लिंबू, कढीपत्ता, शेवग्यावरच्या अळ्या : या चुका टाळा

लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप आठवडाभरात नुसत्या काड्यांवर येतं आणि मग औषधाची शोधाशोध सुरू होते. तोवर अळ्यांचं बहुतेक खाऊन झालेलं असतं. शेवटच्या अवस्थेतली हिरवी, चारेक सेंटीमीटरची अळी त्या काही दिवसांत जेवढी पानं फस्त करते, तेवढी तिने आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून खाल्लेली नसतात. म्हणून हिरवी अळी दिसेपर्यंत थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

सुरुवात ओळखता न येणं

लिंबाच्या फुलपाखराची मादी कोवळ्या पालवीवर सुटं सुटं, फिकट पिवळं, गोल अंडं घालते. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. तीन ते पाच दिवसांत त्यातून तपकिरी-काळपट अळी निघते. अंगावर पांढरे पट्टे असल्यामुळे ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि नजर तिच्यावरून सरकून जाते. संशय आला तर काडीने हलकंच डिवचा. डोक्यामागून शिंगांसारखा दुफाटा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. या अळीची ही पक्की खूण. माणसाला त्याचा काही अपाय नाही.

नवी पालवी फुटत असताना, म्हणजे जून ते सप्टेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवड्यातून दोनदा फक्त शेंडे तपासा. पुरुषभर उंचीच्या झाडापर्यंत हाताने वेचण्यासारखा उपाय नाही. वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. रोपवाटिकेत आणि दोन वर्षांपर्यंतच्या कलमांवर हे काम चुकवू नका. मोठं झाड पंधरा-वीस टक्के पानं गेली तरी भरून काढतं, तिथे धावपळ करायचं कारण नाही.

कीड एक, औषध दुसरंच

पान कडेपासून मध्यशिरेपर्यंत खाल्लेलं आणि खाली काळ्या-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर अळीच. लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील आणि पान आकसलं असेल, तर ती नागअळी. ती पानाच्या आत राहते, त्यामुळे वरून मारलेलं बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध) तिच्या पोटात जातच नाही. पालवी फुटायला लागताच निंबोळी अर्क मारलेला बरा.

गुलाबाच्या पानाला कातरीने कापल्यासारखे सुबक अर्धगोल पडले असतील, तर तो पानं कापणाऱ्या मधमाशीचा उद्योग आहे. ती घरट्यासाठी तुकडे नेते. परागीभवनाला ती उपयोगी, फवारू नका. आणि वळवाच्या किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पानं रातोरात चाळण होत असतील, पण दिवसा झाडावर काहीच सापडत नसेल, तर ते हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे आहेत. संध्याकाळी साडेसातनंतर फांद्या हलवा, खाली पडतील ते रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका.

औषध बरोबर, मारायची पद्धत चुकीची

बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी, लहान अळीवर उत्तम चालतं. प्रमाण साधारण लिटरला 2 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम; पाकिटावर वेगळं दिलं असेल तर तेच धरा. ते अळीने पानाबरोबर खावं लागतं. खाल्ल्यावर ती लवकरच खायची थांबते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी जिवंत अळी पाहून लोक "औषध चाललं नाही" म्हणतात आणि जहाल कीटकनाशक मारतात. तिथे ट्रायकोग्रामासारखे अंड्यांवर जगणारे मित्रकीटक मरतात आणि पुढची पिढी जास्त जोमाने येते.

उन्हाने बीटी लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करा, पानाच्या दोन्ही बाजू भिजवा आणि आठवड्याने पुन्हा करा. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) बीटी किंवा निंबोळी अर्क कधीच मिसळू नका. बोर्डो अल्कधर्मी असतं, दोन्ही वाया जातात. शेजारी रेशमासाठी तुती लावलेली असेल तर बीटी अजिबात नको. रेशीमकिडाही अळीच आहे.

घरच्या कढीपत्त्याला निंबोळी अर्क पुरेसा. भरडलेली निंबोळी 50 ग्रॅम कापडात बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळून काढा, गाळून एक लिटर करा आणि 2 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. त्याच दिवशी संपवा. उरलेला अर्क बाटलीत भरून ठेवला की त्याचा जोर जातो. वर्षापूर्वीच्या निंबोळ्याही वापरू नका. फवारल्यावर चार-पाच दिवस पानं तोडू नका, आणि तोडल्यावर धुऊन घ्या.

खाल्लेल्या झाडाला युरियाचा मारा

झाड बोडकं झालं म्हणून मुठीमुठीने युरिया घातला की लुसलुशीत पालवीचा लोंढा येतो, आणि फुलपाखरांना अंडी घालायला हेच हवं असतं. पाणी नियमित द्या, शेणखत द्या, उरलेली जुनी पानं छाटू नका. खोडाला रेशमी धाग्याने टेकलेले हिरवट किंवा तपकिरी कोष शोधून काढा. कोषाला बारीक भोक असेल तर तो परजीवी गांधीलमाशीने रिकामा केलेला असतो, तो तसाच राहू द्या.

केसाळ अळीला हात लावणं, खोड जाळणं

शेवग्याची केसाळ अळी दिवसा खोडावर गटाने बसते आणि रात्री पानं खायला वर जाते. पेटता पलिता फिरवायची जुनी पद्धत अळ्या मारते, पण सालही भाजते आणि मऊ लाकडाच्या झाडाला तिथून कूज लागते. सकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावून लांब दांड्याच्या झाडूने थवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. वारा तोंडावर येईल असे उभे राहू नका, केस उडतात.

2022च्या पावसाळ्यात ज्या घोणस अळीची भीती पसरली, तीही काटेरी आणि दाहक, पण जीवघेणी नाही. केस किंवा काटा लागला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, तीन-चार वेळा नवीन पट्टी घ्या, साबणाने धुवा, बर्फ लावा. डोळ्यात केस गेला, श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.