‘तुका म्हणे’ खरं का? गाथेत शोधायचा तास

शाळेचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट असलं, तरी हा तास जमतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा, ‘तुका म्हणे’वर संपणारा एखादा अभंग फळ्यावर लिहा. पोरांना विचारा, हा तुकोबांचा कशावरून? मग गाथा समोर ठेवा. शाळेत नसेल तर गावातल्या एखाद्या वारकऱ्याच्या घरी नक्की मिळेल.

अभंग साडेचार हजारांच्या आसपास, नुसती पानं चाळून हाती लागणार नाही. पुष्कळ आवृत्त्यांत पहिल्या शब्दांची अकारविल्हे सूची असते, तिथून सुरुवात. इथे घाई करू नका. बाराखडी घडाघडा म्हणणारी पोरंही ‘क्ष’पाशी अडतात, कारण तो कुठे ‘क’मध्ये असतो, कुठे अगदी शेवटी. त्यांना शोधू द्या.

सापडला तर अभंगाचा क्रमांक, पान, प्रकाशक, वर्ष वहीत लिहायचं. नाही सापडला तर ‘खोटा’ नाही, ‘या आवृत्तीत नाही’ असं लिहून घ्या. आवृत्तीगणिक अभंगसंख्या बदलते. सापडलेला अभंग भजनी मंडळातल्या एखाद्या आजोबांकडून चालीत म्हणून घ्या, कविता कानातूनच आत जाते.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात पोरं कमी असतात. तेव्हा घेतलात तर एक गाथा सगळ्यांना पुरते.