उन्हाळ्यात कुंडीतल्या मातीला आच्छादन

मार्च लागला की गच्चीवरच्या कुंड्या सकाळी पाणी घालूनही दुपारपर्यंत सुकतात. कुंडीत माती मुळात थोडी, त्यात वरून ऊन आणि वारं. मातीचं तोंड झाकलं की पाणी बरंच टिकतं.

झाकायला वाळका पालापाचोळा सगळ्यांत सोयीचा. आंब्या-फणसाची पानं मात्र चुरून टाका. अख्खी पानं एकावर एक बसतात आणि पाणी कडेने ओघळून जातं. उसाचं पाचट असेल तर 2 इंचांचे तुकडे करा. नारळाच्या शेंड्या मोकळ्या करून रात्रभर भिजवा आणि ते तपकिरी पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. नुकतंच कापलेलं हिरवं गवत नको. त्याचा चिकट थर होतो, तापतो आणि कुजका वास सुटतो.

12 इंची कुंडीत माती काठापासून 3 इंच खाली हवी. जास्त असेल तर आधी काढा, नाहीतर पाण्याबरोबर पाचोळाही बाहेर वाहतो. तण उपटा, वरची माती हलक्या हाताने मोकळी करा, दोन मुठी गांडूळखत पसरा आणि तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. कोरड्या मातीवर आच्छादन घालून उपयोग नाही. मग दीड ते दोन इंचांचा थर द्या. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा. खोडाला ओला पाचोळा टेकला की साल कुजते. कलमाचा जोड तर उघडाच हवा.

खरी चूक पुढे होते. रोज तांब्याभर पाणी शिंपडलं की पाचोळाच भिजतो, मुळं तहानलेली राहतात. पाचोळा बाजूला सारून मातीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, पण सावकाश आणि तळातून येईपर्यंत.

मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, तिथे आच्छादन पुरत नाही. अशा कुंड्या एकमेकींना चिकटवून, सावलीच्या बाजूला ठेवा. निवडुंग आणि अडेनियमला पाचोळा नकोच, बारीक खडी पसरा.

पाऊस सुरू झाला की थर काढून कंपोस्टात टाका. ओल्या पाचोळ्याखाली गोगलगायी लपतात आणि मातीही वाळत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नवा थर द्या.