वेकबोर्डिंग शिकायचंय? तयारी ठाण्यातच करा

वेकबोर्डिंग म्हणजे पाय बोर्डला बांधून, बोटीने ओढलेल्या दोराचं हँडल धरून पाण्यावर घसरत जाणं. ऐरोलीच्या पुलावरून भरतीची ठाणे खाडी पाहिली की वाटतं, इथेच शिकता आलं तर! पण ओहोटीला तिथे नुसता चिखल उघडा पडतो आणि तो फ्लेमिंगोंचा आहे. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख मिळाली. तिथे बोटी उधळू नयेत, असंच माझं मत आहे. मासुंदा, उपवन हे ठाण्यातले तलाव या खेळाला अपुरे. म्हणजे बोर्डवर उभं राहायला बाहेरगावी जाणं आलं. तयारी मात्र इथेच होते.

मी सुरुवात तरणतलावातून केली. पोहता येणं वेगळं आणि लाइफ जॅकेट घालून, गुडघे छातीशी घेऊन पाठीवर शांत तरंगणं वेगळं. हे आधी जमवा. बागेतल्या दांड्याला लटकायची सवय लावा, कारण पहिल्या दिवशी पाय नाही, मनगटं आणि पंजे थकतात. कोणता पाय पुढे ठेवायचा हे कळायला कुणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा. सावरताना जो पाय आपसूक पुढे पडतो, तो पुढचा.

आता खरी गोष्ट, उठण्याची. पाण्यात बोर्ड आपल्यासमोर आडवा, गुडघे वाकलेले, हात सरळ. दोर ताणला की जीव घाबरतो आणि आपण हँडल छातीकडे ओढतो किंवा लगेच उभे राहायला जातो. दोन्हीत तोल जातो आणि आपण पाण्यात आपटतो. काही करू नका. टाचा बुडाखाली येऊ द्या, उकिडवेच राहा, बोट तुम्हाला वर काढेल. बोर्ड पाण्यावर घसरू लागला की मगच तो बोटीच्या दिशेने वळवा आणि सावकाश उभे राहा. पडलात तर हँडल लगेच सोडा.

नवख्याला ताशी 25 ते 30 किलोमीटर वेग आणि 12 ते 15 मीटर दोर पुरतो. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. पडल्यावर ठीक असाल तर हात वर करून दाखवा.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचे हे खेळ बंद असतात, तेव्हा तरणतलावाचे महिने तेच धरा. आणि पैसे भरण्याआधी एक विचारा: बोटीत चालकाशिवाय मागे तुमच्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस असतो का? नसेल तर तिथे पाण्यात उतरू नका.