लार्च लावताय? मग या चुका टाळा

मिनेसोटात नोव्हेंबर उजाडला की आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात: "झाड वाळलं हो, सगळ्या सुया गळल्या!" वाळलेलं नसतं. टॅमरॅक, म्हणजे इथलं रानटी लार्च, सूचीपर्णी असूनही ऑक्टोबरात सोनेरी होतं आणि निष्पर्ण उभं राहतं. शेजारचे स्प्रूस हिरवे दिसतात म्हणून लोक घाबरतात.

ओळखीच्या एका काकांनी तर डोक्याच्या वर गेलेलं टॅमरॅक ऐन डिसेंबरात कापून टाकलं. मी पोचले तेव्हा फांद्या बर्फात पडल्या होत्या. एकीवर नख ओढलं, तर सालीखाली हिरवंगार, ओलं. फांदीभर बोथट गाठी होत्या; वसंतात सुयांचे झुपके त्यातूनच फुटतात. काका गप्प झाले. मला अजूनही त्या झाडाची हळहळ वाटते. इतकी घाई कशाला? खरवडल्यावर हिरवं दिसलं, तर मे संपेपर्यंत करवतीला हात लावायचा नाही. जुलैत सुया पिवळ्या पडल्या, तर मात्र लगेच बघा: पाणी कमी पडलंय किंवा सॉफ्लाय नावाच्या किडीच्या सुया खाणाऱ्या अळ्या लागल्यात.

दुसरी चूक जागेची. टॅमरॅक दलदलीत वाढतं, म्हणून लोक त्याला घरामागच्या ओल्या सावलीत कोंबतात. दलदल त्याला सोसते, सावली अजिबात नाही. चांगल्या जमिनीवर दुसरी झाडं त्याला दाबून टाकतात, म्हणून रानात ते दलदलीत उरतं. बागेत भरपूर ऊन आणि ओल धरणारी साधी माती द्या, झपाट्याने वाढेल. तापणाऱ्या दक्षिण भिंतीलगत नको. काळ्या अक्रोडाजवळही नको.

बाग लवकर भरावी म्हणून कुंडीतलं मोठं झाड आणणं मला पटत नाही. आत मुळं गोल गोल फिरलेली असतात. मी लहान रोप घेते आणि कळ्या फुटायच्या आत लावते.

मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

लार्चसारखंच हिवाळ्यात सुया गाळणारं दुसरं झाड म्हणजे डॉन रेडवूड; त्याची गोष्ट भुरळ घालणारी आहे: १९४१ साली जीवाश्मांवरून नाव मिळालं, मग चीनमध्ये जिवंत झाडं सापडली आणि १९४८ मध्ये बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटमने बी जगभर वाटलं. पण त्याला थंडीच्या अमेरिकी नकाशावरचा झोन ५ किंवा त्याहून उबदार भाग लागतो. उत्तर मिनेसोटात हट्ट करू नका. जिथे जमतं तिथेही ऑगस्टमध्ये खत घालू नका, कोवळी फूट पहिल्याच हिवात काळी पडते.